लंडनची बस आणि शिस्तीचा गैरसमज

परदेशी राहून आलेली माणसे तिथल्या सार्वजनिक बसविषयी बोलू लागली, की बोलणे एका ठरलेल्या वळणावर येते. गर्दी तिथेही असते, पण माणसे शिस्तीची. कोणी ढकलत नाही, कोणी दाराला लोंबकळत नाही, उतरणाऱ्याला आधी उतरू देतात. मग ओघानेच पुढचे वाक्य येते, की आपल्या लोकांना हे जमायचे नाही. हे मत इतक्या सहज मांडले जाते आणि ऐकणारे इतक्या सहज माना डोलावतात, की ते खरे आहे का हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. ते तपासायला लंडन चांगले. तिथे मराठी माणसांचा वावर जुना आहे, महाराष्ट्र मंडळच १९३२ सालचे. आणि आज तिथे उतरणारे विद्यार्थी, रुग्णालयांतल्या परिचारिका, वृद्धांची शुश्रूषा करणारे कर्मचारी यांची शहराशी पहिली ओळख होते ती बहुधा बसमधून. भुयारी रेल्वेपेक्षा बस स्वस्त पडते, रात्रभर चालते आणि रेल्वे जिथे पोचत नाही अशा वस्त्यांतही जाते. साहजिकच लंडनविषयीची त्यांची बरीचशी मते याच बसमध्ये तयार होतात. माझे म्हणणे असे, की त्या गर्दीतली शिस्त इंग्रजांच्या रक्तातून आलेली नाही. ती काही ठरावीक निर्णयांतून आलेली आहे, त्या निर्णयांना तारखा आहेत, आणि ते निर्णय जिथे घेतले गेले नाहीत तिथे त्याच इंग्रजांच्या बसची दैना झालेली आहे.

आधी सकाळच्या वेळी वेम्बली किंवा साउथॉलच्या बाजूची भरलेली दुमजली बस जरा जवळून पाहू. चढायचे पुढच्या दाराने, उतरायचे मधल्या दाराने. ड्रायव्हरशेजारी एक पिवळे यंत्र असते. त्यावर कार्ड टेकवले की आवाज होतो आणि माणूस पुढे सरकतो. नोटा, नाणी, सुट्टे यांचा प्रश्नच येत नाही, कारण ६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. आत माणसे दाराजवळ घुटमळू लागली, की ड्रायव्हर एक बटण दाबतो आणि ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते : आत सरका, वरच्या मजल्यावर जागा आहे. वर आणि जिन्यावर उभे राहायला परवानगी नाही. बस पुरती भरली असेल तर ड्रायव्हर थांब्यावर न थांबता निघून जातो आणि थांब्यावरचे लोक, मनातून चरफडत का होईना, फलकाकडे पाहतात. पुढची बस किती मिनिटांत येणार ते तिथे लिहिलेले असते. या सगळ्यात प्रवाशाच्या सौजन्यावर फार थोडे सोडलेले आहे. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना आडवे येत नाहीत, कारण दारे वेगळी आहेत. कोणी लोंबकळत नाही, कारण दार बंद झाल्याशिवाय बस हलत नाही. ही बस गेली म्हणजे सकाळ गेली असे नसल्यामुळे धक्काबुक्की करून आत घुसण्यात कोणाला फायदा नाही.

बस गच्च का भरते याचे आपल्या डोक्यातले उत्तर सोपे असते : माणसे जास्त, बस कमी. ते अर्धेच खरे आहे. समजा, एका मार्गावर दर दहा मिनिटांनी बस सुटते. त्यातली एक सिग्नलला अडकली आणि चार मिनिटे मागे पडली. तेवढ्या वेळात पुढच्या थांब्यावर आणखी माणसे गोळा झाली. ती सगळी चढायला जास्त वेळ लागला, म्हणून ती बस आणखी मागे पडली आणि त्यापुढच्या थांब्यावर आणखी मोठा घोळका तयार झाला. तिच्या मागून येणाऱ्या बसला मात्र थांबेच रिकामे मिळतात, त्यामुळे ती वेगाने येऊन पहिलीला गाठते. मग अर्धा तास बस नाही आणि आल्या तर दोन लागोपाठ, पहिली तुडुंब आणि दुसरी मोकळी, हा जगभरच्या प्रवाशांचा अनुभव तयार होतो. न्यूवेल आणि पॉट्स या दोन अभ्यासकांनी १९६४ सालीच हे गणिताने मांडून दाखवले. कोणाचाही हलगर्जीपणा नसला तरी बसगाड्या आपोआप एकमेकींना चिकटत जातात. त्यांना मुद्दाम वेगळे ठेवावे लागते.

याचा हिशेब मांडला की तक्रार करणारा प्रवासी आणि आकडे दाखवणारा अधिकारी दोघेही आपापल्या जागी खरे कसे ठरतात ते कळते. दोन बसमध्ये मिळून ऐंशी माणसे आहेत. एकीत सत्तर, दुसरीत दहा. कार्यालयातल्या कागदावर सरासरी येते चाळीस, म्हणजे गर्दी नाहीच. पण त्या ऐंशीपैकी सत्तर जणांनी गच्च भरलेलीच बस पाहिलेली असते, आणि मोकळ्या बसची साक्ष द्यायला दहाच जण असतात. थांबण्याच्या वेळेचेही तसेच. दर दहा मिनिटांनी नेमाने बस आली, तर केव्हाही थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच बस एकदा दोन मिनिटांनी आणि एकदा अठरा मिनिटांनी अशा आल्या, तर ही सरासरी आठ मिनिटांच्या वर जाते. बस तितक्याच, डिझेल तितकेच, ड्रायव्हरचा पगारही तितकाच, आणि प्रवाशाचा वेळ मात्र दीडपटीहून अधिक वाया गेलेला. म्हणूनच बसमध्ये चढायला किती सेकंद लागतात, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न फार मोठा आहे. ड्रायव्हरकडून रोखीने तिकीट घेऊन सुट्टे परत घ्यायला माणशी आठ सेकंद लागतात आणि कार्ड टेकवायला दोन, असे धरू. तीस माणसे चढायची असतील तर एकाच थांब्यावर तीन मिनिटांचा फरक पडतो. तिथूनच बस चिकटायला सुरुवात होते.

लंडनने हे प्रश्न एकेक करून सोडवले, आणि त्याला बराच काळ लागला. १९५६ पासून धावणाऱ्या रूटमास्टर बसमध्ये मागे उघडा फलाट होता आणि कंडक्टर आत फिरून तिकिटे देई, म्हणजे मुंबईच्या बेस्टमध्ये चालते तसेच. चढायला वेळ लागत नसे, आणि त्या दृष्टीने ती पद्धत उत्तमच होती. पुढे खर्च वाचवण्यासाठी इतर बसमधून कंडक्टर काढले आणि तिकिटाचे काम ड्रायव्हरकडे दिले, तेव्हा बस प्रत्येक थांब्यावर खोळंबू लागल्या. त्यावरचा उपाय पुष्कळ उशिरा आला. २००३ मध्ये ऑयस्टर कार्ड आले, २०१२ च्या अखेरीस साधे बँकेचे कार्ड बसमध्ये चालू लागले, आणि रोख बंद झाली तेव्हा रोखीने पैसे देणारे शंभरात एकही उरले नव्हते. त्याच २००३ च्या फेब्रुवारीत महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी शहराच्या मध्यभागात मोटार आणणाऱ्यावर दिवसाला पाच पौंडांचे शुल्क बसवले आणि ते उत्पन्न मुख्यतः बससेवा वाढवण्याकडे वळवले. २०१६ मध्ये एका तिकिटावर तासाभरात दुसरी बस घेण्याची सोय झाली, २०१८ पासून त्या तासात कितीही बस बदलता येतात. लांबच्या उपनगरातून दोन-तीन बस बदलून कामावर जाणाऱ्या सफाई कामगाराला याचा अर्थ काय ते वेगळे सांगायला नको. २०२३ च्या मार्चमध्ये हे तिकीट १.७५ पौंड झाले.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र कंत्राटाचा मसुदा. लंडनच्या लाल बस सरकारी आहेत असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९८५ पासून तिथे मार्गांच्या निविदा निघू लागल्या आणि १९९४ मध्ये बस कंपन्या विकल्याही गेल्या. आज एकेक मार्ग वेगवेगळ्या खाजगी कंपन्या चालवतात. पण मार्ग कोणता, वेळापत्रक काय, भाडे किती, रंग कोणता, हे सारे शहराचे परिवहन प्राधिकरण ठरवते आणि तिकिटाचा पैसाही त्याच्याकडेच जातो. कंपनीला मोबदला मिळतो तो ठरलेल्या अंतराच्या फेऱ्यांचा. आणि बस वारंवार येणाऱ्या मार्गांवर त्यात वाढ किंवा कपात होते ती प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा सरासरी किती जास्त थांबावे लागले यावरून. म्हणजे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मिनिटांना कंत्राटात किंमत आहे. नवख्या प्रवाशाला चक्रावून टाकणारी एक सूचना याच कलमातून आलेली आहे. रस्ता मोकळा, सिग्नल हिरवा, तरी बस उभी. आणि आवाज सांगतो की बसमधले अंतर समान राखण्यासाठी ही बस थोडा वेळ इथे थांबेल. आत बसलेल्याला राग येतो. पण ती थांबते म्हणून पुढच्या कुठल्यातरी थांब्यावरच्या माणसासमोर गच्च भरलेली बस येत नाही.

आता मुख्य पुरावा. शिस्त हा जर इंग्रजांचा स्वभाव असता, तर ती लंडनमध्ये जशी दिसते तशीच मँचेस्टर, लिव्हरपूल, शेफील्डमध्ये दिसायला हवी. ब्रिटनने नकळत हा प्रयोग करून पाहिला आहे. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८५ चा वाहतूक कायदा केला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन वगळता बाकी ग्रेट ब्रिटनमधल्या बससेवा खुल्या बाजारावर सोपवल्या. परवाना असलेल्या कोणत्याही कंपनीने बेचाळीस दिवसांची सूचना द्यावी आणि हवा तो मार्ग सुरू करावा किंवा बंद करावा. भाडे तिचे, वेळापत्रक तिचे. स्पर्धेने भाडी उतरतील आणि प्रवासी वाढतील, असा वाहतूकमंत्री निकोलस रिडली यांचा युक्तिवाद होता. मँचेस्टर विद्यापीठावरून रशोमकडे जाणारा विल्म्स्लो रोड भारतीय आणि पाकिस्तानी उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांची वर्दळ असल्यामुळे नफा तिथे होता, म्हणून निरनिराळ्या कंपन्यांच्या बस तिथेच एकीमागे एक लागत आणि अर्ध्या रिकाम्या धावत. एकीचा पास दुसरीत चालत नसे. नफा नसलेल्या वस्त्यांत संध्याकाळनंतर बसच नाही, अशी स्थिती आली. देशभरातला परिणाम आकड्यांत दिसतो. मँचेस्टरसह इंग्लंडमधल्या सहा मोठ्या महानगरी प्रदेशांतले बसप्रवास १९८५-८६ मध्ये वर्षाला सुमारे दोनशे कोटी होते. तीस वर्षांत ते निम्म्याहून कमी झाले. लंडनचे प्रवास त्या साली सुमारे ११५ कोटी होते, ते २०१३-१४ पर्यंत सुमारे २३८ कोटींवर गेले. देश तोच, माणसे तीच, भाषाही तीच.

यावर कोणी म्हणेल, की लंडनची लोकसंख्या वाढली आणि उत्तरेकडचे उद्योग बुडाले, मग बसचे प्रवासी वाढणारच आणि घटणारच. आक्षेप रास्त आहे आणि त्यात तथ्यही आहे. शेफील्डच्या परिसरात १९८६ पर्यंत भाडी मुद्दाम अत्यंत कमी ठेवली होती, ती एकदम चढल्याचाही फटका बसला. मँचेस्टरला १९९२ पासून ट्राम आली, तिने काही प्रवासी घेतले. पण लंडनची लोकसंख्या या काळात साधारण चौथ्या हिश्शाने वाढली आणि बसचे प्रवास दुप्पट झाले. नुसत्या लोकसंख्येने एवढी वाढ समजावता येत नाही. उलटही घडलेले आहे. २०१४ नंतर रस्त्यांवरच्या कामांमुळे लंडनच्या बस मंदावल्या, आणि करोना येण्याच्या कितीतरी आधी प्रवासी कमी होऊ लागले. बसवर प्रेम करण्याचा लंडनकरांचा स्वभाव तेवढ्यात बदलला नव्हता. बस हळू झाली होती. आणि मँचेस्टरनेच अखेर कौल दिला. २०१७ च्या कायद्याने मिळालेला अधिकार वापरून महापौर अँडी बर्नहॅम यांनी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बोल्टन आणि विगनपासून बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली घ्यायला सुरुवात केली आणि ५ जानेवारी २०२५ ला ते काम पुरे झाले. पिवळ्या रंगाच्या बस, एकच तिकीट, तासाभरात हवी तेवढी बदली. लंडनबाहेर असा निर्णय घेणारा हा पहिला प्रदेश.

दुसरा आक्षेप रांगेचा. इंग्रज माणूस रांग लावतो आणि आपण लावत नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे! प्रत्यक्षात लंडनच्या गजबजलेल्या थांब्यावर आज रांग क्वचितच दिसते. एकाच खांबावर सात-आठ मार्गांच्या बस थांबतात, त्यामुळे माणसे विखरून उभी असतात आणि आपली बस दिसली की दाराकडे सरकतात. रांग पाहायची तर मुंबईत रेल्वे स्थानकाबाहेर बेस्टच्या थांब्यावर किंवा शेअर रिक्षाच्या अड्ड्यावर पाहावी. पावसातसुद्धा माणसे एकामागे एक उभी असतात आणि मध्ये घुसणाऱ्याला चारचौघे तिथल्या तिथे सुनावतात. तीच माणसे गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यावर तुटून पडतात. माणूस बदललेला नसतो. एका ठिकाणी पाळी आली की जागा मिळणार याची खात्री असते, दुसऱ्या ठिकाणी नसते. जिथे ही खात्री आहे तिथे रांग आपोआप लागते, मग ते दादर असो नाहीतर लंडनचे डॉलिस हिल.

सौजन्यालाही मर्यादा असते, हे ब्रिटनच्या न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले आहे. २०१२ मध्ये डग पॉली हे चाकाच्या खुर्चीतून प्रवास करणारे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला जायला थांब्यावर आले. बसमध्ये चाकाच्या खुर्चीसाठी राखलेल्या जागेत एका आईने झोपलेल्या बाळाची गाडी ठेवली होती. ड्रायव्हरने विनंती केली, तिने नकार दिला, पॉली थांब्यावर राहिले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१७ च्या जानेवारीत न्यायालयाने सांगितले, की नुसती विनंती करून सोडून देण्याचे कंपनीचे धोरण पुरेसे नाही. नकार अवाजवी वाटला तर ड्रायव्हरने आणखी आग्रह धरला पाहिजे, गरज पडल्यास काही वेळ बस थांबवूनही. गर्दीत दोन खऱ्या गरजा समोरासमोर आल्या की सभ्यपणा अपुरा पडतो आणि नियम लागतो, मग समाज कितीही सभ्य असो.

परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनी आणखी एक इतिहास लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते. ज्या बसच्या सुव्यवस्थेचे आपण कौतुक करतो, त्या बस चालवायला युद्धानंतरच्या ब्रिटनला माणसे मिळत नव्हती. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून थेट बार्बाडोसमध्ये जाऊन भरती केली. ब्रिस्टल शहरात मात्र काळ्या आणि आशियाई माणसांना बसवर कामाला घ्यायचे नाही असा शिरस्ता होता आणि तिथल्या कामगार संघटनेच्या शाखेचाही त्याला पाठिंबा होता. पॉल स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनी नमली, आणि सप्टेंबरमध्ये तिथे रुजू झालेला पहिला गौरेतर कंडक्टर रघबीर सिंग हा एक भारतीय शीख होता. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तरसेम सिंग संधू यांना दाढी-पगडीसह बस चालवू द्यायला प्रशासनाने नकार दिला. १९६७ पासून चाललेला तो वाद १९६९ च्या एप्रिलमध्ये बंदी उठल्यावर मिटला. बसमधली समान वागणूकसुद्धा तिथे हवेतून आलेली नाही. ती मागून, भांडून घ्यावी लागली, आणि घेणाऱ्यांत आपल्याच उपखंडातली माणसे होती.

राहिला पैशाचा मुद्दा. लंडनची बससेवा तिकिटाच्या पैशावर भागत नाही. तिच्यासाठी दरवर्षी मोठी रक्कम बाहेरून घालावी लागते. श्रीमंत शहराला ते परवडते, आपल्याला कुठून परवडणार, असे म्हणता येईल. मुंबईची गर्दीही वेगळ्याच प्रमाणाची आहे, हेही खरे. पण वर सांगितलेल्या उपायांतले निम्मे तरी पैशाचे नाहीत. बसमधले अंतर राखणे, कंत्राटात थांबण्याच्या वेळेला किंमत देणे, एकाच तिकिटावर बस बदलू देणे, रस्त्यावरची एक मार्गिका बससाठी मोकळी ठेवणे, यांना इच्छाशक्ती जास्त लागते आणि भांडवल कमी. उरलेल्या निम्म्यासाठी पैसा लागतोच, आणि तो कोणाकडून घ्यायचा हे लंडनने २००३ मध्ये मोटारवाल्यांना सांगितले. मुंबईत उलटे झाले. १५ जुलै १९२६ ला पहिली बस धावलेल्या या शहरात बेस्टचा ताफा चार हजारांवरून तीन हजारांखाली आला. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी परतू लागले होते, पण बस वाढल्या नाहीत, आणि २०२५ च्या मे महिन्यात भाडे दुप्पट होऊन दहा रुपये झाले.

बेस्टनेही आता बहुतांश भार भाड्याच्या बसवर टाकला आहे आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात. म्हणजे खाजगी की सरकारी, हा वाद इथे फारसा उपयोगाचा नाही. लंडनच्या बसही खाजगीच आहेत. विचारायचे ते हे, की किलोमीटर मोजले जातात तशी थांब्यावरची मिनिटे मोजली जातात का, ती मार्गवार प्रसिद्ध होतात का, आणि ती वाढली तर कोणाच्या देयकातून कपात होते. लंडनहून आलेल्या पाहुण्याने तिथल्या बसचे कौतुक सुरू केले, की हे प्रश्न नगरसेवकाला आणि बेस्ट किंवा पुण्याच्या पीएमपीच्या व्यवस्थापनाला लेखी विचारावेत, आणि उत्तर आकड्यांत मागावे.